मिसेस क्वानचा काढा

शशिकांत रिटायर झाले त्याच्या पुढच्याच महिन्यात त्यांचं पोट दुखायला लागलं आणि पुढे तीन वर्षं दुखतच राहिलं. जेवायला बसले की चार घासांत पोट भरायचं, मग फुगायचं, मग बरगड्यांच्या खाली कळ यायची. चौतीस वर्षं कार्डिफमध्ये लोकांना ऑपरेशनआधी भूल देणारा माझा नवरा दुपारभर सोफ्यावर हॉट वॉटर बॉटल पोटाशी धरून बसायचा आणि मला सांगायचा, "काही नाही गं, गॅस आहे."

तपासण्या सगळ्या झाल्या. दुर्बीण घालून झाली, स्कॅन झाला, पोटातल्या जंतूची टेस्ट झाली. सगळं नॉर्मल. कन्सल्टंट ह्यांचाच जुना सहकारी. त्याने समजावून सांगितलं, की पोट दुखतं हे खरं आहे, पण आत बिघाड काही दिसत नाही, अशा दुखण्याला फंक्शनल डिस्पेप्सिया म्हणतात. गोळ्या दिल्या. गोळ्यांनी थोडे दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. ह्यांनी पोळी सोडली, मग डाळ सोडली, मग चहा सोडला. चहा सोडला तेव्हा मात्र मी हादरले.

मी डॉक्टर नाही. मी कौन्सिलच्या लायब्ररीत बावीस वर्षं काम केलं. मिसेस क्वान मला तिथेच भेटल्या. मूळच्या हाँगकाँगच्या, सिटी रोडवर त्यांचं चिनी औषधांचं दुकान. दर शनिवारी मोठ्या टायपातल्या डिटेक्टिव्ह कादंबऱ्या घेऊन जायच्या आणि शेवटचं पान काउंटरवरच वाचून घ्यायच्या. "खुनी कोण ते कळलं की शांतपणे वाचता येतं," असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याकडे पोटाच्या तक्रारी घेऊन पुष्कळ लोक जातात, हे मला ठाऊक होतं. पण ह्यांना तिकडे न्यायचं म्हणजे मांजराला आंघोळ घालायची.

शेवटी ते काम आमच्या लेकीने केलं. आश्लेषा वॉटफर्डला प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे हट्टी माणसांशी कसं बोलायचं हे तिला नेमकं कळतं. फोन स्पीकरवर होता.

"बाबा, तीन वर्ष तुमचा वे ट्राय केला ना? पोट बरा झाला?"

"नाही," हे म्हणाले.

"मग आता आईचा वे ट्राय करा. सिम्पल."

ह्यांनी तिचं व्याकरणही सुधारलं नाही. तेव्हाच मला कळलं, की माणूस खरंच कंटाळलाय.

मंगळवारी बसने निघालो. बसमध्ये ह्यांनी अट घातली. "मी डॉक्टर होतो हे सांगायचं नाही. बघू तिला काय कळतं ते."

दुकानात भिंतभर लहान लहान लाकडी खण होते आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या मसाल्याच्या डब्याला शोभेल असा वास येत होता. मिसेस क्वाननी ह्यांना टेबलापाशी बसवलं, जीभ बाहेर काढायला सांगितली, आधी एका मनगटावर आणि मग दुसऱ्यावर बोटं ठेवून बराच वेळ नाडी पाहिली. हे छताकडे बघत होते. मग प्रश्न सुरू झाले. दुखणं जेवणाआधी की नंतर, गरम प्यायल्यावर बरं वाटतं का, झोप कशी आहे.

"जेवायला किती वेळ लागतो?"

"पंधरा-वीस मिनिटं," हे म्हणाले.

"चार," मी म्हणाले. "आणि तेही उभ्याने. जन्मभर ऑनकॉल..." पुढचं मी गिळलं.

मिसेस क्वाननी वहीत काहीतरी लिहिलं. "बरं. सध्या औषधं कुठली चालू आहेत? ब्लड प्रेशर, डायबेटीस, काहीही?"

"काही नाही," हे म्हणाले.

ब्लड प्रेशरची गोळी हे रोज सकाळी माझ्यासमोर घेतात. मी तोंड उघडलं, तेवढ्यात टेबलाखाली ह्यांचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला. आत्ता काही बोलले तर हा माणूस उठून जाईल आणि पुन्हा यायचा नाही, अशी मला भीती वाटली. मी गप्प बसले. ती चूक जितकी ह्यांची, तितकीच माझी.

काढ्याच्या पुड्या बांधताना मी बघत होते. वाळवलेली संत्र्याची सालं, सुंठीसारखं आलं, कुठल्याशा आंबट फळाच्या लाल चकत्या, दोन-तीन मुळ्या आणि पिवळसर काड्या. काडी मी लगेच ओळखली. ज्येष्ठमध. लहानपणी घसा बसला की आई आम्हाला चघळायला द्यायची.

"मंद आचेवर चाळीस मिनिटं," मिसेस क्वान म्हणाल्या. "भांड्यापाशी बसायचं, टीव्हीपाशी नाही. आणि जेवताना प्रत्येक घासानंतर चमचा खाली ठेवायचा."

घरी आल्यावर कळलं, की ह्या काढ्याला ओल्या घोंगडीचा वास येतो. थंडी असून मी मागचं दार उघडं टाकलं. पण शशिकांत दिवसातून एकदा स्टुलावर बसून इमानेइतबारे तो उकळायचे. आधी नुसतेच बसायचे. चौथ्या-पाचव्या दिवसापासून शेजारच्या ओट्यावर माझी भाजी चिरून द्यायला लागले. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली, पण दुधी सोलताना त्यांना मी प्रथमच पाहत होते. जेवताना चमचा खाली ठेवायचे, तो इतक्या जोरात, की ताटाला पोचे येतील असं वाटायचं. तरी ठेवायचे.

दहाव्या दिवशी त्यांनी अख्खी पोळी खाल्ली आणि वाट बघत बसले. कळ आली नाही. दुसऱ्या दिवशी वरण-भात लिंबू पिळून खाल्ला. बाराव्या दिवशी मला म्हणाले, "अर्धा कप चहा टाकतेस?" मी पूर्ण कप टाकला.

सतराव्या दिवशी संध्याकाळी हे मोजे काढत होते. घोट्यावर मोज्याची खोल खूण उमटली होती आणि पाय सुजल्यासारखे दिसत होते. ह्यांनी बोटाने दाबून पाहिलं, खळगा तसाच राहिला. ह्यांनी कपाटातलं ब्लड प्रेशरचं मशीन काढलं. वरचा आकडा एकशे अठ्ठ्याहत्तर. दुसऱ्या दंडावर लावलं, तिथेही तेवढाच.

"ज्येष्ठमध," हे हळूच म्हणाले. "खूप दिवस घेतलं तर अंगात पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं, ब्लड प्रेशर चढतं. मी स्टुडंट्सना शिकवायचो हे."

"मग घेतलंत कशाला?"

"मी पुडी उघडून बघितलीच नाही गं. नुसती पातेल्यात ओतली."

"आणि त्यांनी विचारलं तेव्हा?"

ह्यांनी मशीनचा पट्टा गुंडाळायला घेतला. काढा त्याच क्षणी बंद झाला. सकाळी आठ वाजता आमच्या जीपीला, म्हणजे फॅमिली डॉक्टरला, फोन केला, दुपारी रक्त दिलं. पोटॅशियम खरंच कमी आलं होतं. जीपी आमच्या आश्लेषाहूनही लहान. तिने गोळ्या लिहून दिल्या, दर तीन दिवसांनी तपासायला बोलावलं आणि ह्यांना असं फैलावर घेतलं, की मी खिडकीबाहेर बघत राहिले. आठवड्याभरात सूज उतरली, आकडाही खाली आला.

मला वाटलं, आता मिसेस क्वानचं दुकान सुटलं. पण आकडा जागेवर आल्याच्या दुसऱ्याच दिवशी हे कोट घालून दारात उभे. "चल. तिला सांगायला पाहिजे."

"रागावणार आहात का तिच्यावर?"

"मी कुठल्या तोंडाने रागावू?"

दुकानात दुसरं कोणी नव्हतं. ह्यांनी बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. मी डॉक्टर होतो, ब्लड प्रेशरची गोळी चालू होती, तुम्ही विचारलंत आणि मी खोटं बोललो. मीही म्हणाले, की मला माहीत होतं आणि मी बोलले नाही.

मिसेस क्वाननी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांना राग आला होता आणि त्यांनी तो लपवला नाही. "तुम्हाला काही झालं असतं तर लोक म्हणाले असते, चिनी बाईने म्हाताऱ्याला विष दिलं. हे लक्षात आलं का?"

"आलं," हे म्हणाले. "म्हणूनच आलोय. मला माफ करा."

मिसेस क्वाननी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी विचारलं, "कसले डॉक्टर होतात?"

"भूल देणारा."

"मग तुमच्याशी पेशंट कधी खोटं बोलले नाहीत?"

"रोज बोलायचे. मी विचारायचो, सकाळपासून काही खाल्लंय का? नाही म्हणायचे, आणि मिशीला जॅम लागलेला असायचा."

मिसेस क्वान हसू दाबू पाहत होत्या, ते जमलं नाही. त्यांनी वही ओढली, ज्येष्ठमधावर काट मारली आणि उरलेल्या प्रत्येक औषधाचं लॅटिन नाव एका कागदावर लिहून दिलं. "हा तुमच्या जीपीला दाखवा. ती हो म्हणाली तरच पुडी बांधीन."

आम्ही उठायला लागलो तशा त्या म्हणाल्या, "भूल देणारे म्हणालात ना? मग एक मिनिट बसा."

त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन दोनदा ठरलं होतं आणि दोन्ही वेळा त्यांनीच फोन करून रद्द केलं होतं. गुडघ्याची त्यांना भीती नव्हती. भूल दिल्यावर आपण परत येणारच नाही, असं त्यांना वाटायचं. तिसरी तारीख पुढच्या महिन्यात होती. ह्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि पाऊण तास बोलत होते. कमरेतून इंजेक्शन देऊन फक्त पाय बधिर करता येतात, जागं राहायचं की झोपायचं ते विचारतात, आणि भूल देणारा पूर्ण वेळ उशाशी असतो, एक मिनिटही हलत नाही. रिटायर झाल्यापासून ह्यांना इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

"आणि हल्ली तुम्ही औषधं कुठली घेता?" ह्यांनी सवयीने विचारलं.

"काही नाही," मिसेस क्वान म्हणाल्या.

ह्यांनी त्यांच्या कोपराशी वाफाळणाऱ्या काढ्याच्या किटलीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

मिसेस क्वाननी एक मोठा श्वास सोडला. "जिनसेंग. आणि रक्तासाठी एक मुळी."

"किती वर्षं?"

"वीस."

"हॉस्पिटलच्या फॉर्मवर लिहिलंत?"

"त्यांनी गोळ्या विचारल्या होत्या. ह्या काही गोळ्या नव्हेत." एवढं बोलून त्यांनाच हसू फुटलं, आणि मग आम्ही तिघंही हसलो. "आतापर्यंत मी शिकले ते सगळं फेकून दे, असं त्यांनी म्हटलं असतं, म्हणून नाही लिहिलं."

"तसं नाही म्हणणार. जिनसेंगने आणि अशा मुळ्यांनी रक्त थांबायला उशीर लागू शकतो, म्हणून ते दोन-तीन आठवडे आधी बंद करायला सांगतील. त्यांना माहीत असलं म्हणजे झालं."

त्यांनी तिथल्या तिथे हॉस्पिटलला फोन लावला. मुळ्यांच्या नावांचं स्पेलिंग सांगायला ह्यांनी शेजारी बसून मदत केली.

ह्यांच्या जीपीने तो कागद वाचला, फार्मासिस्टला विचारलं आणि ब्लड प्रेशर मोजत राहण्याच्या अटीवर हो म्हटलं. ज्येष्ठमधाशिवायचा काढा आणखी सहा आठवडे चालला. पोट आता क्वचित कुरकुरतं, पण हॉट वॉटर बॉटल माझ्या कंबरेच्या कामाला आलीय. काढ्याने बरं वाटलं, की चमचा खाली ठेवल्याने, की दुधी सोलत बसल्याने, ह्यावर आमच्या घरात तीन मतं आहेत. कन्सल्टंट मित्राचं चौथं.

मिसेस क्वानचं ऑपरेशन ठरलेल्या तारखेला झालं. पाचव्या दिवशी आम्ही त्यांना घरी भेटायला गेलो. मी मऊ भात आणि मेतकूट नेलं होतं. त्या पाय स्टुलावर ठेवून खिडकीशी बसल्या होत्या, रंग चांगला होता.

"जाग्या राहिलात की झोपलात?" ह्यांनी विचारलं.

"जागी. पडद्यापलीकडे सुतारकाम चाललं होतं, तसा आवाज. तुमच्यासारखाच एक होता उशाशी. त्याला मी तासभर पचनाविषयी सांगितलं." त्यांनी मेतकुटाचा डबा उघडून वास घेतला. "बिचाऱ्याचं पोट तुमच्याहून वाईट आहे. पुढच्या बुधवारी येणार आहे दुकानात."