पट्टेवाल्याचं पाणी

ज्या घराच्या ओट्याला सात पिढ्यांत मासळीचा वास लागला नव्हता, त्या घरात प्रमोदिनीबाईंनी मासा पाळला, याची चर्चा पार बोर्ली पंचतनच्या बाजारापर्यंत गेली. मासेवाली केसर तर सुपारीच्या वाडीवरून जाताना मुद्दाम हाक मारायची, "काकू, वाढला का सांगा हां, कापायला मीच येन!" प्रमोदिनीबाई तिच्यावर डाफरायच्या, पण लटकंच.

मासा त्यांच्या एकुलत्या एका मुलाचा, सुश्रुतचा. पनवेलच्या फ्लॅटमध्ये काचेच्या टाकीत त्याने तो हौसेने ठेवला होता. गडद चॉकलेटी अंग, डोक्यापासून शेपटीपर्यंत सायीच्या रंगाचे पट्टे आणि बोक्यासारख्या मिशा. गोड्या पाण्यातला कॅटफिश. दिवसभर नारळाच्या करवंटीखाली दडून बसायचा, म्हणून सुश्रुतने त्याचं नाव ठेवलं पट्टेवाला. "आमच्या ऑफिसातले पट्टेवाले कामाच्या वेळी जागेवर सापडतील तर शपथ," म्हणायचा.

सुश्रुत चौतिसाव्या वर्षी गेला. आदल्या संध्याकाळी फोनवर आईला म्हणाला होता, छातीत जळजळतंय. आईने सांगितलं, पित्त असेल, आमसुलाचं सार घे नि जरा पड. सकाळी तो उठलाच नाही. तेव्हापासून प्रमोदिनीबाई येईल त्याला एकच विचारत राहिल्या, "माझं चुकलं का हो?" डॉक्टरांनी समजावलं, त्यांच्या यजमानांनी, म्हणजे दादांनी, हात जोडून समजावलं. पण आईच्या मनाची समजूत कोण काढणार? बाई वाळत चालल्या. अन्नावरची वासनाच उडाली.

एक दिवस त्यांनी सुनेकडे तो मासा मागितला. निवेदिताने जड मनानेच दिला आणि त्याला कसं जपायचं ते सगळं सांगितलं. खाणं दिवे मालवल्यावर घालायचं. नळाच्या पाण्यात पावडर असते, ते थेट ओतायचं नाही, आदल्या दिवशी भरून ठेवायचं. आणि नवल म्हणजे सासूबाई उठून बसल्या! आज किती खाल्लं, कालच्यापेक्षा जाड दिसतोय का, यात त्यांचा दिवस जायला लागला. मासा जेवला की त्याही दोन घास खायच्या. दादा म्हणायचे, "माझ्या चहाचं पाणी कधी इतक्या प्रेमाने ठेवलं नाहीस हो!"

मग दिवाळीनंतर फोन आला. पट्टेवाला खात नाही. निवेदिताने बँकेत रजा टाकली आणि म्हसळ्याला एसटी बदलून दुपारपर्यंत घर गाठलं.

पट्टेवाला भर उजेडात करवंटीबाहेर पडून होता. कल्ले भात्यासारखे चालले होते, पट्टे मळकट झाले होते.

"रोज पाणी बदलते गो त्याचं," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "आधी आठवड्याने बदलायची, आता आजारी म्हणून रोज. थांब, आजचं राहिलंय."

त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि दोन्ही हातांनी सावरत हंडा घेऊन आल्या. तांब्याचा. चिंचेने घासून असा लखलखीत केलेला, की त्यात तोंड दिसावं.

"पूर्वी प्लास्टिकच्या पिंपात ठेवायची. म्हटलं, मुक्या जिवाला ते कशाला? गणपती झाले नि माळ्यावरून हा काढला. तांब्यातल्या पाण्यासारखं पाणी नाही."

निवेदिताला सुश्रुतचं बोलणं आठवलं. दुकानदाराने एकदा तांबं घातलेल्या निळ्या औषधाची बाटली दिली होती, ती सुश्रुतने मोरीत ओतली होती. "याला खवले नसतात, निवू, तांबं याच्यासाठी विषच," तो म्हणाला होता. पाणी भरून ठेवा, हे तिने सासूला दहादा सांगितलं होतं. कशात ठेवायचं, ते एकदाही सांगितलं नव्हतं.

"आई, तुम्ही दमलात. आज मी बदलते," ती कशीबशी म्हणाली आणि बादली घेऊन विहिरीकडे वळली.

"अगो, आजारी जिवाला प्लास्टिकच्या बादलीतलं पाणी?" सासूबाई मागून ओरडत राहिल्या.

तिने विहिरीचं पाणी थोडं थोडं करत घातलं. अर्धी टाकी बदलली, थांबली, पुन्हा बदलली. उपयोग झाला नाही. दिवेलागणीला पट्टेवाला उताणा झाला. दादांनी त्याला केळीच्या पानात घेतलं आणि खणायला खुरपं शोधत वाडीत निघून गेले.

प्रमोदिनीबाई रिकाम्या टाकीसमोर पाटावर बसल्या होत्या. निवेदिताला वाटलं, आता रडतील. त्या रडल्या नाहीत. त्यांनी मान वर केली.

"निवेदिता, खरं सांग. माझं काही चुकलं का गो?"

हाच प्रश्न. खोटं बोलणं निवेदिताला कधी जमलं नव्हतं. सुश्रुत तिला त्यावरून चिडवायचा. पण त्या माउलीचा चेहरा बघून तिच्या काळजाचं पाणी झालं. या वेळी हो ऐकलं असतं, तर ही बाई जगली नसती.

"नाही हो, आई. त्याचं वय झालं होतं. सुश्रुतनेच म्हातारा झालेला आणला होता तो."

"वय झालं होतं?"

"हो. भरपूर जगला. तुमच्यामुळेच इतका टिकला."

प्रमोदिनीबाईंनी पदराने डोळे टिपले आणि मोठा सुस्कारा सोडला.

"चला. या घरातनं एक तरी जीव वय होऊन गेला."

त्या उठल्या, दिवा लावला, पानं घेतली. कित्येक दिवसांनी त्यांनी स्वतःहून दुसऱ्यांदा भात वाढून घेतला आणि सुनेला आग्रह करत राहिल्या. निवेदिताच्या घशाखाली एक घास उतरला नाही.