बर्बीसच्या बांधातला पाणदरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे, पण माझ्यातून कधी कोणी पाहुणा घरात आला नाही. माझ्यातून फक्त पाणी जाते. गयानाच्या किनाऱ्यावर, बर्बीस भागातल्या लिटल कम्फर्ट गावच्या बांधात मी उभा आहे. इकडे मला ‘कोकर’ म्हणतात. आमची जमीन भरतीच्या पाण्याहून खाली आहे. म्हणून ओहोटीला मला साखळीने वर ओढायचे, कालव्यातले पावसाचे पाणी समुद्रात सोडायचे आणि भरती लागायच्या आत मला खाली टाकायचे. गावाचा भात एवढ्यावर उभा आहे.

मित्रांनो, मी आतल्या जंगलातल्या ग्रीनहार्ट या टणक झाडाचे लाकूड. करवतीचे दात पाडूनच मी कापला गेलो, आणि त्याचा मला गर्व होता. तेव्हा मागे ऊस होता, कारखाना होता. दर शनिवारी, मी ज्यांतून वर-खाली सरकतो त्या खाचांतला चिखल काढून ग्रीस लावले जाई. कारखाना बंद पडला तसे ग्रीसही बंद झाले. पुढे आमच्या समुद्रात तेल सापडले. राजधानीत उंच हॉटेले उठली, गावातले तरुण तिकडे कामाला गेले. एवढे तेल निघते, पण माझ्या साखळीच्या वाट्याला चमचाभर येईना. माझा राखणदार युस्टास क्वामिना याने तीन अर्ज केले. चौथा त्याने केला नाही. कंटाळला बिचारा.

पावसानेही ताळतंत्र सोडले होते. पूर्वी तो मे-जूनमध्ये येई आणि मग नाताळच्या सुमारास. त्या वर्षी तो ऐन सप्टेंबरात आला, भात कापणीला आला असताना. तीन दिवस धो धो कोसळला.

धनराजीचे नऊ एकर माझ्या अगदी मागे होते. नवरा गेल्यापासून ती एकटीच कसत होती. चौथ्या दिवशी दुपारी ओहोटीला युस्टासने मला उचलले. लोंब्या पाण्यात लोळत होत्या, त्या हळूहळू दिसू लागल्या. धनराजी डाळपुरीचे पुडके घेऊन बांधावर आली.

“लाच आणलीस वाटतं?” युस्टास म्हणाला.

“लाचच समजा काका. अजून वीतभर पाणी आहे. दहा मिनिटं राहू द्या वर.”

“भरती काय तुझ्या सासरची आहे, तू म्हणशील तेव्हा यायला? वेळ झाली, पोरी.”

“दहाच मिनिटं. आज नाही उतरलं तर उद्या दाण्याला मोड फुटतील. वर्षभर काय खाऊ?”

युस्टासने समुद्राकडे पाहिले, मग शेताकडे. चाळीस वर्षांत त्याने असे कोणाचे ऐकले नव्हते. त्या दिवशी तो थांबला.

दहा मिनिटांनी त्याने साखळी सोडली. मी निम्म्यावर आलो आणि अडकलो. खाचेत चिखल आणि शिंपले घट्ट बसले होते. मी माझे सगळे वजन टाकले, तरी तसूभर सरकलो नाही. माझ्याखालून खारे पाणी आत शिरू लागले.

युस्टास पहार घेऊन समुद्राच्या बाजूने उतरला. खाच तिथूनच मोकळी करता येत होती.

“काका, राहू द्या. भात गेला तर गेला,” धनराजी वरून म्हणाली.

“तुझ्या एकटीचा नाही, गावाचा जाईल. जमीन एकदा खारावली की बस बोंबलत. साखळी धर.”

त्याने पहार मारली. तिसऱ्या घावाला मी सुटलो आणि धाडकन खाली बसलो. पाणी थांबले.

पण युस्टासचे पाय मांड्यांपर्यंत चिखलात रुतले होते. आमच्या किनाऱ्याचा चिखल धरलेले सोडत नाही. धनराजीने ओरडून माणसे जमवली, दोर टाकले. त्याने दोर कमरेला बांधला, सहा जणांनी ओढले. पाणी छातीला आले, मग हनुवटीला. तो मला टेकून होता. त्याचा तळवा माझ्या फळीवर होता, आणि मी लाकूड. मला काहीही करता आले नाही.

भात वाचला. दाणा चांगला भरला होता. गाव धनराजीला म्हणाले, “तुझा काय दोष? साखळी गंजली होती, खाच बुजली होती.”

ती म्हणाली, “साखळीनं दहा मिनिटं मागितली नव्हती. मी मागितली.”

आता तीच माझी राखणदार आहे. कोणी विनवले तरी ती ऐकत नाही.

मित्रांनो, तिचे म्हणणे मला पटत नाही. हातावर पोट असलेली माणसे दहा मिनिटे मागणारच, आणि मायाळू माणसे ती देणारच. एवढी चूक पोटात घालता यावी म्हणून तर आमच्यासारख्यांना धड ठेवायचे असते. मला वेळेवर ग्रीस मिळाले असते तर मी उशिराही नीट उतरलो असतो, आणि युस्टास घरी जाऊन जेवला असता.