कापडदुकानातली मऊ जागा

माझ्यावर माणसाचा पाय पडला की मी सहा मिलिमीटर खाली जाते. खाली जाताना मी आवाज करत नाही. पाय उचलला की वर येताना करते. आधी बारीक ‘कुईं’, मग ‘टक्’.

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी फळी आहे. घोडेगावच्या बाजारात नथमलशेठचं कापडाचं दुकान आहे. त्याच्या वरच्या मजल्याच्या जमिनीत कुशाबा सुतारांनी मला बसवलं. त्यांनी मला रंधा मारला आणि वाशांवर खिळ्यांनी ठोकलं. एक वासा किंचित खाली होता, तिथे त्यांनी माझ्याखाली लाकडाची पाचर सारली. मग ते हसून म्हणाले, “शेठ, ही फळी तुमाला पुरून उरंल!”

वर साड्या होत्या आणि त्या शेठच्या पत्नी मंगलाबाई विकत. लग्नाचा बस्ता बांधायला डोंगरातल्या गावांतून अख्खी घरं येत. मंगलाबाई माझ्यावर उभ्या राहून कपाटाच्या वरच्या कप्प्यातली साडी काढत आणि एका झटक्यात पदर उलगडत. बोलणारी माणसं गप्प होत. त्यात थोडा वाटा माझाही होता. पाय स्थिर नसेल तर हात असा चालत नाही.

पुढे माझ्यावर कार्पेट आलं आणि खाली पीओपीचं छत. मी दोन्हीकडून झाकली गेले. लाकूड वाळलं की आकसतं. माझ्याखालची पाचर निसटली, वाशात आणि माझ्यात फट पडली, आणि मी पायाखाली दबून, खिळ्याला घासून वाजू लागले. झालं होतं एवढंच.

शेठना मात्र वाटलं, वाळवी लागली. ते व्रतं पाळणारे जैन. कार्पेट उचललं आणि वाळवी दिसली, तर औषध मारावं लागणार, हजारो जीव जाणार. म्हणून ते पाहतच नव्हते. “चातुर्मास होऊ दे,” म्हणायचे. तो संपला की, “लग्नसराई होऊ दे.” सहा वर्षं गेली. मऊ जागेवर कार्पेटचा आणखी एक तुकडा पडला.

आळे गावच्या साळुबाई एकदा माझ्यावर पाय देताच मागे सरल्या. “शेठ, जिमीन लई बोलती तुमची! मी साडीला आले व्हते, पाताळात जायाला न्हाई.”

सगळे हसले. गेल्या वर्षी मात्र साडी काढताना मंगलाबाईंचा माझ्यावरून तोल गेला आणि मनगट मोडलं. हाड जुळलं, पण शेठनी त्यांना वर यायची मनाई केली. त्या खाली टॉवेल विकत बसू लागल्या.

या मे महिन्यात त्यांची नात रिद्धी कॉलेजच्या सुट्टीत आली. तिने माझ्यावर स्टीलची पट्टी आडवी धरली आणि मी किती खाली जाते ते वहीत लिहिलं. मग गठ्ठे शिवायचा दाभण घेतला.

“टोचू नको गं, आत जीव असतील!” शेठ ओरडले.

“दादाजी, वाळवीने खाल्लेल्या लाकडात दाभण सरळ आत जातो. मी बारा ठिकाणी टोचला, कुठेच गेला नाही. बहुतेक फळी नुसती सैल झालीय. पण खात्री करायची तर कार्पेट उचलायला हवं.”

“आणि निघाली वाळवी तर?”

तिने बोलावलेला गोरख, कुशाबांचा मुलगा, स्क्रू घेऊन तयारच होता. “माझ्या बानं बसवलेली फळी हाय, शेठ. अर्ध्या तासाचं काम. किती लांबवताय?”

“पर्युषण होऊ दे,” शेठ म्हणाले.

मित्रांनो, मला बोलता आलं असतं तर मी एवढंच सांगितलं असतं: वाजणारी जागा झाकू नका. ती का वाजते ते वेळेवर बघा. पुष्कळदा भीतीपेक्षा दुरुस्ती लहान असते.

तेवढ्यात जिन्यावर सावकाश पावलं वाजली. मंगलाबाई वर आल्या आणि माझ्यापासून दोन हातांवर थांबल्या.

“अहो, सगळ्या जिवांची काळजी करता, चांगलंच आहे. मीसुद्धा एक जीवच आहे ना? मला माझ्या जागेवर उभं राहायचंय.”

शेठनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“गोरख,” ते म्हणाले, “उचल कार्पेट. आत काय असेल ते मी स्वतः बघतो.”