चौदातली पाच

हातोडीच्या दांड्यावर अंगठ्यापुरता एक खळगा पडला होता. तो नेमका कुठल्या वर्षी पडला, हे सकाळपासून त्याला आठवत नव्हतं... दांडा तोच, डोकं मात्र तीनदा बदललेलं, लाकडाचं, सुपारीएवढं, आणि तरीही हातोडी तीच म्हणायची. त्याने खळग्यात अंगठा ठेवला. बसला. बसणारच — सव्वीस वर्षं तो दुसरीकडे कुठे बसलाय? सोमवारपासून पॅकिंगला जायचं होतं, तिथे हातोडीचं काही काम नव्हतं. तिथे खोकी होती, चिकटपट्टी होती आणि एक खुर्ची होती, जिच्याबद्दल सगळेजण त्याचं अभिनंदन करत होते.

त्याने डाव्या हाताची दोन बोटं चाकाच्या भोकात घातली, चाक लटकतं धरलं आणि टोला दिला. ठण्ण. चाक थोडं फिरवून पुन्हा एक. ठण्ण. चांगलं होतं. लोखंड घासायचं चाक, ताटाएवढं, भट्टीतून भाजून निघालेलं. वरून सगळी सारखीच दिसतात, पण एखाद्याच्या पोटात केसाएवढी चीर असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. ती वाजते. म्हणजे खरं तर वाजत नाही, तेच तिचं वाजणं. बद्द. मडकं घेताना बायका वाजवून घेतात, तसंच हे. फरक इतकाच की मडकं फुटलं तर पाणी सांडतं, आणि हे मिनिटाला तीन हजार फेरे घेताना फुटलं तर समोर उभ्या माणसाचं काय होतं, ते त्याने एका चेहऱ्यावर रोज बघितलं होतं.

तो चेहरा वस्तादांचा. वस्तादांना एकच डोळा होता. दुसरा असाच एका चाकाने नेलेला, दुसऱ्या कुठल्याशा कारखान्यात. तिथल्या कुणीतरी चाक न वाजवताच पुढे ढकललं होतं... “कान नंतर,” वस्ताद म्हणायचे, “आधी हाताला विचार. चीर असली की चाक बोटांत जड होतं. एवढंसं. कान फसतो रे, शेजारी कुणी शिंकलं तरी फसतो. हात नाही फसत.” हे जड होणं म्हणजे काय, ते समजायला त्याला चार वर्षं लागली. समजलं त्या दिवशी वस्ताद स्वतःची हातोडी त्याच्यापुढे ठेवून चहाला निघून गेले. आणि एवढं सगळं होऊन कारखान्याने त्याला नाव काय ठेवावं, तर कानकाका. हाताचं कुणाला कळलंच नाही, आणि त्यानेही कधी सांगितलं नाही, कारण नाव ऐकायला बरं वाटायचं.

पलीकडे, दहा पावलांवर, नव्या यंत्राचा रबरी टोकाचा हात चालू होता. टक् — टक् — चाक फिरलं — टक्. त्याला चहा लागत नव्हता, शिंक येत नव्हती. कानामागून आली आणि तिखट झाली, असं पॅकिंगवाले म्हणायचे आणि त्याच्याकडे बघून हसायचे, त्याला बरं वाटावं म्हणून. तोही हसायचा, कारण हसलं नाही तर त्यांना वाईट वाटलं असतं.

तीन महिन्यांपूर्वी ती मुलगी आली, नवी इंजिनियर, त्याच्या धाकट्या लेकीपेक्षाही लहान. टेबलाला तिने शेंगदाण्याएवढा माइक लावला, दोन बटणं लावली, हिरवं आणि लाल. “काका, तुम्ही नेहमीसारखंच वाजवा. चांगलं असलं तर हिरवं, वाईट असलं तर लाल. बस्स. मशीन ऐकत राहील.” शिकवायचं म्हणजे एवढंच? चार वर्षं नाहीत, वस्तादांच्या शिव्या नाहीत, हिवाळ्यात बधिर झालेली बोटं काखेत धरून शेकणं नाही... त्या रात्री त्याला झोप लागली नाही, आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर त्याने एक चांगलं, खणखणीत वाजणारं चाक हातात धरलं, वाजवलं आणि लाल बटण दाबलं.

रोज एकच. सुट्टीनंतरचं पहिलंच. असं नऊ दिवस. वाईट चाकाला हिरवं त्याने एकदाही दाबलं नाही, तो विचारसुद्धा मनात आला नाही — नाही, आला, पण वस्तादांचा डोळा आठवून बोट आपोआप मागे आलं. लबाडीसुद्धा त्याने इतकी जपून केली की तिने कुणाचं काही बिघडू नये. एक चांगलं चाक वाया जाईल आणि ते यंत्र थोडं गोंधळेल, थोडं बावळट निघेल, एवढंच. दहाव्या दिवशी मुलगी येऊन म्हणाली, “काका, गंमत सांगू? मशीनच्या फाइलला नाव द्यायचं होतं, मी ‘काका’ दिलं.” त्यानंतर ते त्याच्याने झालं नाही. आपल्याच नावाच्या पोराला खोटं शिकवल्यासारखं वाटायला लागलं, आणि उरलेले सगळे दिवस त्याने इतकं मन लावून शिकवलं की वस्तादांनी त्यालाही तसं शिकवलं नसेल.

“काका!” ती समोर उभी होती, छातीशी टॅब्लेट धरून, तोंडावरून आनंद ओसंडत असलेली. “शेवटचा रिपोर्ट आला. तुमच्यात आणि मशीनमध्ये फरक किती, सांगा बघू?”

“किती?”

“चौदा. इतक्या हजारांत फक्त चौदा! म्हणजे तुम्ही किती अचूक आहात बघा.”

तो हसला. चौदा. मनातल्या मनात त्याने लगेच नऊ वजा केले, आणि हसू तोंडावरच राहिलं, कारण उरलेल्या पाचांचं काय करायचं ते त्याला सुचेना.

तिने यादी दाखवली. तारीख, वेळ, त्याचं उत्तर, यंत्राचं उत्तर. नऊ ओळी त्याने लांबूनच ओळखल्या, सुट्टीनंतरचं पहिलं चाक, नऊ दिवस ओळीने — एखाद्या मूर्ख चोराने रोज एकाच खिडकीतून यावं तसं. आणि त्यांच्याखाली, नंतरच्या आठवड्यांत, पाच ओळी सकाळच्या. लाल, लाल, लाल, लाल, लाल. ही मी खरी दाबली. ही मी खरी दाबली होती, हात जड झाला होता म्हणून दाबली होती.

“मग... ही चौदा चाकं?”

“ती टाकाऊतून परत काढली ना आपण. टाकाऊचा ढीगच मशीनकडून तीन-तीनदा वाजवून घेतला, ही चौदा चांगली निघाली. साहेबांनी सही केली, पॅक झाली.” तिने यादीवरून बोट फिरवलं. “काळजी करू नका हो काका, हे सगळं यंत्र आपोआप बाजूला काढतं. न जुळणारी उत्तरं शिकतच नाही ते.”

म्हणजे नऊ दिवसांची ती सगळी धडधड, ते बोट बटणावर नेताना कोरडं पडणारं तोंड, घरी बायकोच्या डोळ्याला डोळा न देणं... यंत्राने ते खडा काढावा तसं काढलं आणि पुढे गेलं. ठीक. ते सोडा. पण त्या नवांबरोबर पाच खरीही काढली आणि चौदाही एका माळेत ओवली.

“मला ऐकव,” तो म्हणाला. “ती सकाळची पाच.”

तिने हेडफोन दिले. पहिलं. ठण्ण. दुसरं... ठण्ण. डोळे मिटून त्याने बोटं लटकती धरली, भोकात घातल्यासारखी, पण बोटांत काहीच नव्हतं. आवाज नुसता कानात होता आणि कानात तो स्वच्छ होता. तिसरं. चौथं. पुन्हा लाव. पाचव्याच्या शेवटी किंचित काहीतरी खाली बसल्यासारखं वाटलं, पुन्हा लावलं तर तेही वाटेना. सगळी चांगली. कुणीही म्हटलं असतं, चांगली. मग हात का जड झाला होता? झाला होता ना? की त्या सकाळी थंडी होती, की खांदा दुखत होता, की पन्नाशीच्या पुढे हात उगाचच जड होतो आणि आपण त्याला चीर म्हणतो? आणि तसं असेल तर या सव्वीस वर्षांत...

हेडफोन काढून त्याने टेबलावर ठेवले. बोलायला हवं होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं: पाच खरी आहेत हे सांगायचं तर नऊ खोटी होती हे आधी सांगायला हवं, आणि नऊ वेळा लांडगा आला म्हणून ओरडलेल्याचं दहाव्या वेळी कोण ऐकतो? पण कुठेतरी, कुठल्याशा कारखान्यात, कुणीतरी खोकं फोडेल, चाक मशीनवर चढवेल, बटण दाबेल आणि वाकून बघेल. वाकतातच. वस्तादही वाकले होते.

“बाळा,” तो म्हणाला, “यातली नऊ मी मुद्दाम चुकीची दाबली होती. दुपारची. बघ, रोज सुट्टीनंतरची. पण ही पाच खरी आहेत. यांना चीर आहे.”

आधी तिला कळलं नाही, आणि मग कळल्यासारखं झालं — पण भलतंच. तिचा चेहरा मऊ झाला. वडीलमाणसाचं चुकलं आणि त्यांनी ते झाकायला काही सांगितलं की घरातल्या लेकी-सुनांचा होतो तसा.

“अहो काका, चौदा म्हणजे काहीच नाहीत,” ती हळू म्हणाली. “जेवणानंतर सगळ्यांचंच लक्ष जरा कमी होतं. माझे बाबा तर दुपारी चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतात.”

“तसं नाही गं. मी मुद्दाम —”

“बरं, मुद्दाम,” ती हसून म्हणाली. “मी कुणाला सांगणार नाही.”

त्याला ओरडावंसं वाटलं. जन्मात एक लबाडी केली, आणि तीही कुणी खरी मानायला तयार नाही! चोर स्वतः चौकीत येऊन उभा राहिला, तर त्याला पाणी देऊन घरी पाठवावं, तशी गत.

तो साहेबांच्या केबिनमध्ये गेला. यापूर्वी तो तिथे दोनदाच गेला होता, लेकीच्या लग्नाचं बोलावणं द्यायला आणि वस्ताद गेले तेव्हा सुट्टी मागायला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, तीच तर अडचण होती; वाईट असता तर भांडता आलं असतं.

“ती पाच वेगळी काढता येतील का?” साहेबांनीच विचारलं आणि उत्तरही त्यांनीच दिलं. “चाकावर नंबर नाहीत, नंबर लॉटचा. लॉट चार हजारांचा, बावीस ठिकाणी गेलेला. परत मागवायचा तर मला वर काय लिहायचं? यंत्र चांगलं म्हणतंय, तीनदा म्हणतंय. आणि तुम्ही काय म्हणताय?”

“हात जड झाला होता.”

बोलला आणि स्वतःच ऐकलं. केबिनमध्ये ते वाक्य बद्द वाजलं.

साहेबांनी रिपोर्ट पुढे ओढला. “रेकॉर्डिंग ऐकलंत ना तुम्ही? त्यात चीर ऐकू आली?”

खोटं बोलावं, हो म्हणावं. एक शब्द. नऊ वेळा बटण दाबताना बोट कचरलं नव्हतं, मग आत्ताच जीभ का... “नाही,” तो म्हणाला.

“मग?” साहेब उठले, टेबलाला वळसा घालून आले, त्याच्या पाठीवर हात ठेवला. “काका, पुढच्या आठवड्यात डॉक्टर येतायत, कान तपासून घ्या. सगळ्यांचीच तपासणी आहे, तुमची एकट्याची नाही. आणि सोमवारपासून जरा बसा निवांत.”

चार वाजेपर्यंत त्याने उरलेली चाकं वाजवली. वाजवायची गरज नव्हती, यंत्र पुन्हा वाजवणारच होतं. पण मांडणीत होती म्हणून वाजवली. आणि प्रत्येक चाकापाशी आता तो थांबत होता. ठण्ण. चांगलं... चांगलंच ना? सकाळपर्यंत हा प्रश्न त्याच्या आणि चाकाच्या मध्ये कधी आला नव्हता. पायऱ्या उतरताना पायांकडे बघितलं की पाय अडखळतात, तसं झालं. निघताना हातोडी जागेवर ठेवायची की न्यायची, हे कुणालाच विचारता येईना, म्हणून त्याने ती खिशात टाकली. फाटकावर सगळ्यांनी हात केला. “निवांत आता, कानकाका!”

घरी बायकोने चहा ठेवला होता, आणि टेबलावर, कागदात अर्धवट गुंडाळलेला, नवा चिनी मातीचा मोठा वाडगा. हातोडी त्याच्या हातात आली तेव्हापासूनची रीतच होती ती: कप असो, बरणी असो, त्याने वाजवल्याशिवाय ती कपाटात ठेवायची नाही. दुकानदारांनाही सांगायची, आमच्याकडे तपासणी होते, फुटकं निघालं तर परत आणीन. दोनदा आणलंही होतं, आणि ते तिने शेजारच्या सगळ्या बायकांना सांगितलं होतं.

“वाजवा हो जरा. रंग आवडला म्हणून घेतलाय, दुकानदार शेवटचा नग म्हणाला, म्हणून शंका येतेय.”

वाडगा त्याने डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांवर तोलला, खिशातून हातोडी काढली, अंगठा खळग्यात बसला. टोला दिला. आवाज निघाला आणि स्वयंपाकघरभर फिरला, स्वच्छ, लांब, अगदी त्या पाचांसारखा. आणि बोटांत कुठेतरी, एवढंसं... जड. वाडगा जड झाला की हात? पुन्हा वाजवलं. थरथर होती, ती वाडग्याची होती की त्याची, ते त्याला सांगता येईना, आणि ज्यांना विचारावं ते वस्ताद जाऊन अकरा वर्षं झाली होती.

“काय? ठेवू का कपाटात?” बायकोने हात पुढे केला.

सव्वीस वर्षांत या प्रश्नाला त्याने एका शब्दात उत्तर दिलं होतं.

“थांब,” तो म्हणाला, आणि वाडगा फिरवून त्याने पुन्हा टोला दिला. मग थोडा फिरवून आणखी एक. चहा निवत होता. बायको हात पुढे करून तशीच उभी होती, त्याच्या तोंडाकडे पूर्ण विश्वासाने बघत.