गाभा राहिलेली काठवट

एवाल्डने रोलांडला खांद्याने ढकललं, त्याच्या हातातली अर्धवट काठवट हिसकावली आणि भिंतीवर फेकली. ओल्या बर्चचं लाकूड, ते काही फुटेना. म्हणून त्याने ती उचलून पुन्हा आपटली, तरी फुटली नाही. शेवटी शेगडीचं दार उघडून ती त्याने जाळात कोंबली.

"गाभा ठेवलास," तो म्हणाला. "तीनदा सांगितलं ना रे गाढवा? गाभा ठेवलेलं भांडं वाळताना फुटतं. मग वाळवायचं कशाला? आत्ताच जाळ."

रोलांड टेबलाच्या कडेला धरून कसाबसा उभा राहिला. "मास्तर, जन्मभर बस चालवली मी," तो म्हणाला. "गिअर चुकला म्हणून कोणी बस नाही जाळली माझी."

एकदोघं हसली, पण ते हसू लगेच विरलं. जुन्या शाळेच्या सुतारशाळेत आठ माणसं आठ ओंडक्यांपाशी उभी होती आणि प्रत्येकाच्या हातात कुऱ्हाड होती, तरी घाबरलेली होती तीच. एवाल्ड एकाहत्तर वर्षांचा होता. पण त्याचे खांदे अजून दारात मावत नव्हते आणि राग तर कधीच कुठे मावला नव्हता.

हा वर्ग गावच्या हस्तकला मंडळाने काढला होता. म्हणजे मायब्रिटबाईंनी, कारण मंडळ म्हणजे त्याच. त्यांनी वेलदोड्याच्या पावांचं ताट खाली ठेवलं आणि एवाल्डला दंडाला धरून बाहेर बर्फात नेलं.

"एवाल्ड, नीट ऐका. अख्ख्या हेल्सिंगलँड प्रांतात अशी काठवट तासणारे तुम्ही एकटे उरलात, म्हणून मी हे सोसतेय. पुन्हा कोणाला धक्का मारलात, काही फेकलंत, तर वर्ग बंद."

"माझ्या बापाने मला असंच शिकवलं."

"हो, आणि त्याच्या मातीला कोण आलं होतं? तुम्ही आणि पाद्री."

एवाल्डने खिडकीकडे तोंड फिरवलं. मायब्रिटबाईंची त्याला भीती नव्हती आणि वर्गाचीही फारशी पर्वा नव्हती. त्याचं लक्ष खिडकीतून आत होतं. शेवटच्या ओंडक्यापाशी त्याची मुलगी गुनवोर खाली मान घालून तासत होती. तिने मघाशी मान वर केली नव्हती, पण बाकीच्यांसारखी ती दचकलीही नव्हती. हे त्याला फार लागलं होतं. सवय असलेलं माणूस दचकत नाही, एवढं त्यालाही कळत होतं.

गुनवोर सोळाव्या वर्षी घर सोडून गेली होती. आईच्या मातीला आली तेव्हा देवळात मागच्या बाकावर बसली आणि कॉफीला न थांबता निघून गेली. आता नवऱ्यापासून वेगळी होऊन ती जवळच्या शहरात, एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागली होती. वर्गाच्या पहिल्या दिवशी ती बसमधून उतरली आणि फाटकातच त्याच्यासमोर उभी राहिली.

"मी तुमच्यासाठी नाही आले," ती म्हणाली. "काठवट शिकायला आलेय. दुसऱ्या कोणाला येत असती तर त्याच्याकडे गेले असते."

"तुला येत होती की थोडी."

"येत होती. मला लाकूड आवडायचं, बाबा. तुम्ही नाही." मग ती अगदी सरळ त्याच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "माझ्या अंगाला हात लावलात तर त्याच मिनिटाला जाईन. मग मी मेले तरी तुम्हाला कळवायचं नाही, असं सांगून ठेवीन सगळ्यांना."

एवाल्डने मान हलवली होती. आपल्यामागे हे काम कोणाच्या तरी हातात राहावं, ते त्याच पोरीच्या हातात राहावं, आणि शनिवारी शनिवारी ती निदान समोर दिसावी, एवढं एकच मागणं त्याचं आता उरलं होतं. त्यासाठी जन्मभराचा स्वभाव गिळायचा होता. तो घशाखाली उतरेना.

एवाल्डच्या बापाने, पेत्रुसने, त्याला हे काम वाकसाच्या, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराच्या, दांड्याने शिकवलं होतं. धार लावताना कोन चुकला की बोटांवर, घाव उथळ गेला की पाठीवर. गाभा राहिला की मात्र दांडा तोंडावर बसायचा. एवाल्डचा पुढचा दात त्यातच गेला. ती खिंड तो लोकांना पदक दाखवावं तशी दाखवायचा. "हा दात गेला आणि गाभा कळला," असं म्हणायचा. माणूस मार खातो आणि त्याचा मान समजतो, याला काय म्हणावं?

तसं गाभ्यात अवघड काही नाही. ताजं खोड उभं फोडलं की सपाट अंगावर मधोमध एक बारीक तपकिरी दोरी दिसते. तीच गाभा. ती तासून, तिच्याही खाली बोटभर उतरून मग काठवटीचा काठ धरायचा. आळस केला, खोलीचा लोभ धरला, आणि दोरीचा तुकडा जरी काठात राहिला, तरी काठवट दिसायला देखणी होते, पण वाळत आली की एक दिवस आवाज करून फुटते.

गुनवोरची पहिली काठवट अशीच फुटली होती, भर बाजारात. ती तेव्हा चौदा वर्षांची होती. शहरात शरदातली जत्रा भरली होती, एवाल्डने मांडलेल्या भांड्यांत तिची काठवट सगळ्यांत पुढे होती. गिऱ्हाईक बाई ती हातात घेऊन उलटीसुलटी करत असतानाच फाट असा आवाज झाला आणि काठापासून तळापर्यंत चीर गेली. बाई हसली. शेजारच्या दुकानांवरचेही हसले. एवाल्डही हसला. जत्रेत तो कधी हात उगारायचा नाही.

घरी आल्यावर त्याने मुलीला कामाच्या खोलीत नेलं आणि दार लावलं. हाताला लागलं ते फोडलेलं लाकूड उचलून त्याने तिच्या डाव्या कानशिलावर हाणलं. ती ढलप्यांत पडली. तिने उठायचा प्रयत्न केला तेव्हा त्याने पुन्हा हाणलं, कारण तिच्या तोंडून माफीचा शब्द निघाला नव्हता. कानातून रक्त येऊन मानेवर उतरलं. एल्सा, त्याची बायको, दार ठोठावत ओरडत होती. दार उघडल्यावर त्याने तिलाही दोन ठेवून दिल्या, मध्ये का पडतेस म्हणून. मग हात धुतले, आणि तिघांनी बटाटे आणि हेरिंग मासे खाल्ले. एल्साने मुलीच्या डोक्याला फडकं बांधलं होतं.

एवाल्डच्या लेखी गोष्ट तिथेच संपली. पोरगी त्यानंतर घुमी झाली, हाक मारली तरी वळेना, हे त्याने पाहिलं होतं. तो तिला ताठा समजला, आणि त्या ताठ्यासाठी पुढची दोन वर्षं तिला आणखी मारत राहिला.

तिसऱ्या शनिवारी मात्र त्याने चमत्कारच केला. सकाळपासून एक शब्द चढ्या आवाजात काढला नाही. रोलांडने कुऱ्हाडीची धार चक्क अंगणातल्या दगडावर घासून बोथट केली. एवाल्डने डोळे मिटले, ओठाखाली तंबाखूची चिमूट सरकवली आणि म्हणाला, "असू दे. दे इकडे, लावून देतो."

"मास्तर, बरं नाही का वाटत?" रोलांडने विचारलं.

"गप तास."

मायब्रिटबाईंनी त्या दिवशी त्याच्या कपात स्वतः कॉफी ओतली. तो कप हातात धरून हळूहळू गुनवोरपाशी गेला. ती त्याच्याकडे पाठ करून, डाव्या हाताने लाकूड तोलून उजव्या हाताने तासत होती. तिचा घाव बघून त्याला भरून आलं. मनगट सैल, वजन कुऱ्हाडीचं, जोर आपला लावायचा नाही. हे तिला त्याने शिकवलं होतं की लाकडाने, कोण जाणे, पण इतक्या वर्षांत ती ते विसरली नव्हती. काठवटीचं एक टोक सुरेख उतरलं होतं.

मग त्याला दुसऱ्या टोकाला, अगदी काठात, ती तपकिरी दोरी दिसली.

तो तिच्या डाव्या खांद्यामागे उभा राहिला. जन्मात कोणाशी बोलला नव्हता इतक्या हळू आवाजात म्हणाला, "गुनवोर, गाभा राहिलाय बघ."

ती तासत राहिली.

"त्या टोकाला. अजून बोटभर खाली जा, पोरी."

तिने लाकूड फिरवलं आणि त्याच काठाला आकार द्यायला लागली.

"पोरी, मी काय म्हणतोय?"

घाव चालूच होते. एवाल्डला वाटलं, ही मुद्दाम करतेय, चारचौघांत आपल्याला पायपुशासारखं वागवतेय. आपण एवढे नमलो, एवढे मऊ बोललो, आणि ही मान वळवायलाही तयार नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. कप खाली पडून फुटला. डाव्या हाताने त्याने तिचा खांदा मागून पकडला, तिला ओंडक्यावर रेटलं आणि उजवा हात वर नेला.

गुनवोर फिरली. फिरता फिरता तिने कुऱ्हाड हातातच उलटी केली असावी, कारण लागलं ते पातं नव्हे, मागचं बोथट लोखंड. पण लागलं ते पुऱ्या जोराने. त्याच्या वर गेलेल्या हाताची बोटं लोखंड आणि खिडकीची चौकट यांच्यामध्ये सापडली. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. एवाल्ड गुडघ्यांवर आला. तिने पुन्हा कुऱ्हाड उगारली. कुऱ्हाड तशीच वर राहिली आणि तिच्या दातांतून काहीतरी विचित्र आवाज येत होता. रोलांडने मागून तिला मिठी मारली.

"सोड, पोरी. सोड ती. झालं. बस झालं."

कुऱ्हाड जमिनीवर पडली. एवाल्डच्या मनगटावरून रक्त बाहीत शिरत होतं. "मी नुसतं सांगत होतो," तो म्हणाला. "तीनदा सांगितलं. हळू सांगितलं. हिने ऐकलंच नाही."

"ऐकेल कशी?" रोलांड म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "डावा कान गेलाय तिचा. तुला माहीत नाही?"

एवाल्डने मान वळवून गुनवोरकडे पाहिलं.

"शाळेच्या बसमध्ये रोज डाव्या रांगेत, खिडकीशी बसायची, म्हणजे चांगला कान पोरांकडे राहील. मी चालवायचो ती बस. त्या जत्रेनंतर पहिल्या दिवशी कानात कापूस घालून आली होती. सगळ्या गावाला माहीत आहे, एवाल्ड."

मायब्रिटबाई खाली बघत होत्या. बाकीचेही. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. पोराबाळांना, पाद्र्याला, दुकानदाराला माहीत होतं, आणि एल्साला तर होतंच. ती त्याच्याशेजारी इतकी वर्षं झोपली आणि न सांगता मेली.

गुनवोरने अंगावरचा कातडी एप्रन सोडून खुंटीला लावला. कोट चढवला, अर्धवट काठवट काखेत घेतली. कोणी तिला थांब म्हणालं नाही. ती दाराकडे निघाली तेव्हा एवाल्ड उठला. मोडका हात छातीशी धरून तो ओंडक्यांमधून वळसा घालून पलीकडे गेला, तिच्या उजव्या बाजूला. मध्ये दोन हातांचं अंतर ठेवून उभा राहिला.

"गाभा राहिलाय," तो म्हणाला. "फुटेल."

तिने काखेतलं लाकूड पाहिलं. मग खाली पडलेली कुऱ्हाड उचलली आणि बाहेर अंगणात गेली. तिथे सरपण फोडायचं खोड होतं. त्याच्यावरचं बर्फ तिने कोपराने झाडलं, काठवट टेकवली आणि तासायला लागली. एवाल्ड उजवीकडे, लांब उभा होता. त्याच्या हातातून बर्फावर रक्त ठिबकत होतं आणि दारात जमलेल्यांपैकी कोणी पुढे येत नव्हतं.

"अजून," तो म्हणाला.

तिने दोन घाव घातले. तपकिरी दोरीचा ढलपा उडून बर्फात पडला.

"अजून थोडं. त्याच्याखाली."

"पुरे?" तिने विचारलं.

त्याने वाकून पाहिलं. लाकूड पांढरंशुभ्र होतं, कुठे रेघ नव्हती. "पुरे. भुशात पुरून ठेव. शेगडीजवळ ठेवू नको."

"माहीत आहे."

कुऱ्हाड तिने खोडात रोवली. रस्त्यापलीकडे बस येऊन थांबत होती. ती त्याच्याकडे न बघता फाटकाबाहेर पडली, रस्ता ओलांडून बसच्या पलीकडे गेली. दार तिकडे होतं. थोड्या वेळाने आतल्या दिव्याखाली ती दिसली. डाव्या रांगेत, खिडकीशी, काठवट मांडीवर घेऊन ती समोर बघत बसली.

एवाल्ड फाटकातून बाहेर आला. बर्फातून थेट बसपर्यंत गेला आणि तिच्या खिडकीखाली उभा राहिला. तिचा डावा कान काचेच्या आत, त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर होता. त्या कानाशी तो बोलायला लागला. बापाला, बायकोला, पाद्र्याला जे कधी म्हणाला नव्हता ते सगळं तो हळू आवाजात बोलला. तिने मान वळवली नाही. बस सुटली तेव्हा तो मागे सरकला, आणि सुजत चाललेला हात दुसऱ्या हातात धरून वर्गाकडे परत निघाला.