दांडी पाडायला माणूस

दाजींच्या बोटीचं जुनं इंजिन एकट्या माणसाला कधी दाद देत नसे. एकाने वाकून हँडल गरगर फिरवायचं आणि वेग आला की दुसऱ्याने इंजिनच्या डोक्यावरची छोटी दांडी खाली पाडायची. जरा इकडेतिकडे झालं, की हँडल उलटं फिरून मनगटाचा समाचार घेणार. आणि एकदा सुरू झालं की मासे मिळोत न मिळोत, परत येईपर्यंत बंद करायची सोय नाही.

दांडी पाडायला आधी बायको यायची. ती गेली आणि आठवड्याभरात तिचा धाकटा भाऊ सकाळी धक्क्यावर येऊन उभा राहिला. न बोलावता. तो दाजी म्हणे, म्हणून सगळा धक्काच त्यांना दाजी म्हणू लागला. पाच वर्षं तो रोज आला. दाजी "पाड!" म्हणायचे, तो दांडी पाडायचा, इंजिन गरम होईपर्यंत दोघं थर्मासमधला चहा प्यायचे आणि मग तो शिडीने वर धक्क्यावर चढायचा, दाजी एकटे समुद्रात निघायचे. घरात तर भिंतीच होत्या. दाजींचं दिवसभरात माणसाशी बोलणं व्हायचं ते एवढंच.

एके दिवशी शिडी उतरताना गुडघा चोळत मेहुणा हसत म्हणाला, "दाजी, हे धूड बदला की आता. पाच वर्षं माझ्या झोपेचं खोबरं झालंय."

दाजींना ते झोंबलं. मेहुण्याचे उपकार कोण घेणार? त्याच दुपारी त्यांनी मिस्त्रीला गाठलं.

चार दिवस काम चाललं. साखळीने जुनं धूड वर ओढलं. नवं इंजिन वीतभर आखूड, त्यामुळे खालचा लाकडी पाया नव्याने तासावा लागला. बोटीखालच्या पंख्याचा दांडा इंजिनच्या सरळ रेषेत येईपर्यंत मिस्त्री पत्र्याच्या पातळ चकत्या घालत आणि काढत बसला. शेवटी हात पुसत म्हणाला, "आता राजासारखी चावी फिरवायची, दाजी. कुणाच्या बापाची गरज नाही!"

"हो ना," दाजी म्हणाले.

पहिल्या सकाळी चावी फिरवली आणि इंजिन लगेच सुरू झालं. तरी दाजी सवयीने "पाड!" ओरडलेच. मागे वळून पाहिलं आणि त्यांना स्वतःचाच राग आला.

आठ दिवस गेले. मेहुणा आला नाही. कशाला येईल? घोरत पडला असेल आरामात, असं म्हणत दाजी जाळ्यावर चडफडायचे, माशांवर चडफडायचे. घरी आल्यावर तर चडफडायलाही कुणी नसे.

नवव्या दिवशी त्यांनी पान्याने बॅटरीची वायर सैल केली, चोरासारखं इकडेतिकडे पाहिलं आणि फोन लावला. "चालू होत नाही रे."

मेहुणा दहा मिनिटांत हजर. शर्टाची बटणं खालीवर. त्याने वाकून पाहिलं. सैल वायर दिसली, शेजारी पडलेला पानाही दिसला. तोच उचलून त्याने वायर आवळली आणि चावी फिरवली. इंजिन सुरू झालं.

"मिस्त्रीने नीट आवळली नसेल," दाजींनी बिचाऱ्या मिस्त्रीला पुढे केलं.

"नसेल." मेहुण्याने शिडीवर पाय ठेवला. "निघतो, दाजी. आता तुमचं माझ्यावाचून अडत नाही."

"उद्या ये."

"कशाला?"

दाजी काम शोधू लागले. ऑइल भरलेलं, पंप साफ, वायर घट्ट. मेल्या इंजिनात खोट म्हणून नव्हती.

"मला करमत नाही रे," दाजी म्हणाले. जुन्याच्या धडधडीत हे ऐकूही गेलं नसतं.

मेहुणा शिडीवर तसाच थांबला. मग खाली उतरून आपल्या नेहमीच्या फळीवर बसला. "झोप मलाही कुठे लागते? पाचला टक्क जागा असतो. म्हटलं, बोलावतील तर जाऊ."

दाजींनी चावी उलटी फिरवून इंजिन बंद केलं आणि थर्मास उघडला.