हातगुण

कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या कार्यशाळेत संध्याकाळी सगळे घरी गेले की बाई मागे राहायच्या. "दिवे-पंखे बघते आणि निघतेच," म्हणायच्या. दिवे-पंखे बघायला असा किती वेळ लागतो? बाईंना चांगला तासभर लागायचा, आणि त्याचं कोणाला कधी नवल वाटलं नाही. विभागप्रमुख आहेत, असतील काही कामं, असं सगळे धरून चालायचे.

काम होतंच, पण ते वेगळं. भिंतीकडच्या फळीवर प्लास्टरचे साचे वाळत ठेवलेले असायचे. गुडघ्याखाली पाय कापलेला माणूस आला, की उरलेल्या पायाला ओल्या प्लास्टरची पट्टी गुंडाळून आधी त्याचा ठसा घ्यायचा. ठशात प्लास्टर ओतलं की साचा निघतो. मग तो कानशीने घासायचा. जिथलं मांस भार सोसतं तिथे थोडं कमी करायचं, जिथे हाड वर आलेलं असतं तिथे थोडं चढवायचं, म्हणजे हाडाला जागा राहते. दुसऱ्या दिवशी साच्यावर तापवलेलं प्लास्टिक ओढलं की सॉकेट तयार, पाय त्यात बसतो. सगळी मेख आहे ती त्या घासण्यात. नखभर चुकलं तर माणूस पहिल्याच पावलाला कळवळतो. किंवा तेव्हा कळवळत नाही, आणि थोड्या दिवसांनी जखम घेऊन दारात उभा राहतो.

बाई एकेक साचा मांडीवर घ्यायच्या, त्यावरून अंगठा फिरवायच्या आणि जिथे चुकलं असेल तिथे गुपचूप नीट करायच्या. वरून तारेची जाळी घासून गुळगुळीत करून पुन्हा होता तिथे ठेवून द्यायच्या. सकाळी ज्याने त्याने आपापला साचा उचलावा आणि पुढच्या कामाला लागावं. पांढऱ्यावर पांढरं चढवलेलं, कोणाला कळणार?

हे सगळं त्या मायेपोटी करत. त्या स्वतः शिकाऊ होत्या तेव्हा त्यांच्या साहेबांनी त्यांचा साचा पेशंटच्या देखत जमिनीवर आपटून फोडला होता. "हे घालून हा माणूस चालणार? घरी जा आणि भाकऱ्या थापा," असं वर ऐकवलं होतं. तुकडे वेचताना बाईंनी मनाशी खूणगाठ बांधली, की आपल्या हाताखालच्या माणसाला असं चारचौघांत उघडं पाडायचं नाही. तो शब्द त्यांनी पाळला. जरा जास्तच पाळला.

त्यांच्या हाताखालच्या लोकांत सगळ्यांत लाडका होता हातगुण्या. खरं नाव फक्त हजेरीपुरतं उरलं होतं. त्याने केलेला पाय पहिल्या फेरीत बसायचा, पेशंट तक्रार घेऊन परत यायचा नाही. "काही म्हणा, हातगुण आहे त्याला," असं म्हणता म्हणता नावच पडलं. पोरगा गुणी होता यात शंका नाही. ठसा घ्यावा तर त्यानेच, पेशंटशी बोलावं तर त्यानेच. चूक एकच करायचा, पण न चुकता करायचा. गुडघ्याच्या खाली बाहेरच्या अंगाला हाडाची एक छोटी गाठ हाताला लागते, तिच्यासाठी तो जागा कमी सोडायचा. बाई तिथे नखभर प्लास्टर चढवायच्या. इतकी वर्षं त्यांनी ते चढवलं, आणि तो हातगुण्या झाला.

मग संस्थेला नेतृत्व-शिबिरांचं वेड लागलं. वेड म्हणू नये खरं तर, कारण शिबिर घेणारा माणूस शहाणा होता, उगीच टाळ्या मागणारा नव्हता. त्याने सगळ्या विभागप्रमुखांना बसवलं आणि विचारलं, "उद्या तुम्ही आला नाहीत तर तुमचं काम कोण करेल? आणि त्याला तुम्ही काय शिकवलंत?" बाईंनी पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच दिलं, हातगुण्या. दुसऱ्यापाशी अडल्या. शिबिरवाला थांबून राहिला तेव्हा हसून म्हणाल्या, "त्याला काय शिकवायचं? हातगुण घेऊनच आलाय तो!"

सगळे हसले. संचालकांनी टाळ्या वाजवल्या. शिबिरवाला मात्र हसला नाही, नुसतं "बरं" म्हणाला आणि पुढे गेला. बोलायची वेळ तीच होती. पण तेवढ्यात संचालकांनी नव्या शाखेचा प्रमुख म्हणून त्याचं नाव जाहीर करून टाकलं. तो दारात उभा होता, कानापर्यंत लाल झालेला, आणि धावत येऊन बाईंच्या पाया पडला. अशा वेळी कोण तोंड उघडतं? बायको आणि आईला घेऊन, सामानाचा टेम्पो भरून तो दूरच्या गावी गेला. बाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि स्वतःला समजावलं, की एकदा अंगावर पडलं की येईल सगळं.

ते आलं नाही. पेशंट परत यायला लागले. आधी एखाददुसरा, मग रोजच कोणी ना कोणी. शाळेत जाणाऱ्या एका मुलीची जखम चिघळली. नव्या पायाने नुकती चालायला लागलेली पोर पुन्हा कुबड्यांवर आली, आणि तिच्या बापाने भरल्या बाकांपुढे त्याला जाब विचारला.

तो परत आला तेव्हा बाईंनी त्याला एकदम ओळखलं नाही. गालफडं बसली होती. खिशात राजीनामा होता. संचालकांनी तो घेतला नव्हता. आठवडाभर बाईंजवळ काम कर, मग काय ते ठरव, असं सांगून त्यांनी त्याला खाली पाठवलं होतं.

"बाई, माझा हात गेला," तो म्हणाला. "इथे पाय बसायचा, तिथे बसत नाही. तेच प्लास्टर, तीच कानस. मी रात्र रात्र विचार करतो, माझं काय बिघडलं? आई म्हणते, कोणाची तरी दृष्ट लागली."

"दृष्ट कसली रे? ताण असेल," बाई म्हणाल्या. "आधी चहा घे."

एवढंच त्यांच्या तोंडून निघालं, आणि त्या क्षणी त्यांना स्वतःची किळस आली. हा पोरगा हातातलं काम सोडून जाणार होता. त्याचा हात कधी नव्हताच, हे त्याला सांगितलं तर मोडून पडेल. नाही सांगितलं तरी मोडणारच आहे. दोन्हीकडून तेच.

दुसऱ्या सकाळी एक गवंडी आला. परांचीवरून पडून पाय गेलेला, वयाने पन्नाशीचा, बोलायला मोकळा. "पाय असा करा की शिडी चढता आली पाहिजे," म्हणाला. "बायको म्हणते आता खाली बसून विटा मोज. विटा काय मोजायच्या? त्या पळून जातात का?" हातगुण्याने हसून त्याचा ठसा घेतला, साचा काढला, मान खाली घालून घासला. बाई लांब उभ्या होत्या. हात लावायचा नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. चुकू दे. चूक दिसली की आपोआप बोलणं निघेल.

दुपारी सगळे जेवायला गेले. बाई चष्मा विसरला म्हणून परत आल्या. चष्मा टेबलावर होता, साचा त्याच्या शेजारी. अंगठा आपोआप फिरला. तीच जागा, बाहेरच्या अंगाची. त्यांना मुलीच्या कुबड्या आठवल्या, गवंड्याची शिडी आठवली, आणि आपण काय ठरवलं होतं ते आठवायच्या आत त्यांनी वाडग्यात प्लास्टर कालवलं होतं.

"बाई?"

तो दारात उभा होता. पाण्याची बाटली न्यायला आला होता. बाईंच्या बोटांना ओलं प्लास्टर होतं आणि साच्यावर तेवढाच एक ओला डाग. लपवायला काही उरलंच नव्हतं.

तो जवळ आला. त्याने त्या डागावर बोट ठेवलं. मग फळीवर रांगेने ठेवलेल्या बाकीच्या साच्यांकडे त्याने पाहिलं.

"पूर्वीही करायचात?"

"हो."

"माझे किती?"

बाईंना खोटं बोलवेना. "सगळे," त्या म्हणाल्या. "तू तिथे जागा कमी सोडतोस. पहिल्यापासून."

"एकदा तरी सांगायचंत."

"सांगवेना रे. माझ्या साहेबांनी माझा साचा सगळ्यांसमोर फोडला होता, ते दुःख मला ठाऊक आहे. तुमच्यापैकी कोणाच्या वाट्याला ते येऊ नये, एवढंच मनात होतं."

"त्यांनी तुमचा साचा फोडला," तो हळू आवाजात म्हणाला, "पण तुम्हाला पाय करता येतो. मला येत नाही."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं. त्याने फक्त सुरी घेतली आणि त्यांनी चढवलेलं ओलं प्लास्टर खरवडून काढलं. खाली त्याचा स्वतःचा साचा उघडा पडला, होता तसा चुकीचा. "प्लास्टिक यावरच ओढतो," तो म्हणाला. "दोन पावलांनी कोणाला जखम होत नाही. मला बघायचंय, माझं नक्की काय होतं ते."

दुसऱ्या दिवशी गवंडी चालून बघायच्या खोलीत दोन्ही बाजूंच्या दांड्यांना धरून नव्या पायावर उभा राहिला. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं आणि त्याच्या तोंडून शिवी निघाली. "माफ करा बाई," तो लगेच म्हणाला.

पूर्वी या खोलीत हातगुण्या पेशंटला विचारायचा, "छान बसलाय ना?" आणि पेशंट हो म्हणायचा. आज तो जमिनीवर गुडघे टेकून बसला आणि त्याने विचारलं, "कुठे लागतं? बोट ठेवून दाखवा."

"इथेच कुठेतरी. नाही, जरा वर. छे, आता कळत नाही बुवा."

त्याने मागे वळून बाईंकडे पाहिलं. बाईंना ती जागा दारातून दिसत होती, डोळे मिटूनही दिसली असती. त्यांनी दोन्ही हात पदरात घट्ट धरले आणि काही बोलल्या नाहीत. आयुष्यात इतकं जड काम त्यांनी कधी केलं नव्हतं.

मग त्याने लिपस्टिकची कांडी काढली. ही युक्ती तिथे सगळ्यांना ठाऊक होती, त्याला वापरायची वेळ कधी आली नव्हती. सॉकेटच्या आतून त्याने ती फासली, गवंड्याला पुन्हा पाय घालायला लावला, पुन्हा एक पाऊल टाकायला लावलं. पाय बाहेर काढला तर त्या छोट्या हाडावर लालभडक ठसा उमटला होता. तो ठशाकडे बघत राहिला. मग त्याने त्यावर स्वतःचा अंगठा ठेवला, दाबला, गवंड्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, अंगठा जरा सरकवला, पुन्हा चेहऱ्याकडे पाहिलं. असं बराच वेळ चाललं. त्याचे डोळे वाहत होते आणि ते पुसायची त्याला शुद्ध नव्हती.

"बसा दादा," शेवटी तो उठून म्हणाला. "पुन्हा करतो. आज होईलच असं नाही, उद्याही यावं लागेल." आणि सॉकेट घेऊन आत गेला.

बाई गवंड्याशेजारी बाकावर बसल्या. आतून कानशीचा आवाज यायला लागला. मध्येच तो थांबायचा, आणि बाईंना उठावंसं वाटायचं.

गवंडी त्यांच्याकडे झुकला. "हा नवीन आहे का हो?"

बाईंच्या ओठांवर वर्षानुवर्षांचं उत्तर आलं होतं. तेवढ्यात कानशीचा आवाज पुन्हा सुरू झाला.

"हो," त्या म्हणाल्या. "कालपासून शिकायला लागलाय. वेळ लागेल त्याला."

"लागू दे," गवंडी म्हणाला. "मला कुठे पळायचंय?"